बाहुली गोल राहिली नाही तेव्हा : डोळ्याला लागलेला मुका मार

नाशिकमध्ये रंग धुळवडीपेक्षा रंगपंचमीला खेळला जातो. पेशवेकालीन रहाडी, म्हणजे जमिनीतले रंगाचे हौद, उघडतात, त्यांत उड्या पडतात, आणि त्याच दिवशी गल्लोगल्लीच्या गच्च्यांवरून पाण्याने भरलेले फुगेही फेकले जातात. काही वर्षांपूर्वी पंचवटीत आमच्या शेजारच्या सहावीतल्या मुलाच्या उजव्या डोळ्यावर असाच एक फुगा येऊन बसला. पापण्या सुजल्या, काळ्यानिळ्या झाल्या, पण रक्ताचा थेंबही बाहेर आला नाही, त्यामुळे मीच त्याच्या आईला सांगितले की बर्फ लावा, सकाळी पाहू. रात्री सूज थोडी उतरल्यावर तिने मोबाइलच्या टॉर्चने त्याचे दोन्ही डोळे पाहिले आणि मला हाक मारली. डाव्या डोळ्यातला काळा ठिपका उजेड पडताच आकसून मोहरीएवढा होत होता. उजव्या डोळ्यातला मात्र वाटाण्याएवढाच राहिला होता, एका बाजूने चपटा झालेला, आणि त्याच्या खाली, तपकिरी भागाच्या तळाशी, लाल रंगाची बारीक आडवी रेघ दिसत होती. "भाऊ, बाहुली अशी वाकडी कशी झाली?" असे तिने विचारले, आणि माझ्याकडे उत्तर नव्हते. आम्ही त्याच रात्री डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. पुढच्या भेटींमध्ये जे कळत गेले, ते या लेखात मांडले आहे.

आधी शब्दांचा घोळ

मराठीत "बुबुळ" हा शब्द दोन वेगवेगळ्या गोष्टींसाठी वापरला जातो आणि त्यातून रुग्णालयात पुष्कळ गैरसमज होतात. नेत्रदानाच्या फलकांवर "बुबुळ प्रत्यारोपण" असे लिहिलेले असते, तेव्हा अभिप्रेत असते ती डोळ्यासमोरची घड्याळाच्या काचेसारखी पारदर्शक चकती. शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात मात्र या चकतीला पारपटल म्हणतात, आणि तिच्या मागच्या तपकिरी, काळ्या किंवा घाऱ्या रंगीत पडद्याला बुबुळ म्हणतात. या लेखात शाळेचाच अर्थ घेतला आहे: पुढची काच ती पारपटल, मागचा रंगीत पडदा ते बुबुळ, आणि त्या पडद्याच्या मधले भोक ती बाहुली. बाहुली काळी दिसते, कारण ते नुसते भोक आहे आणि आत अंधार आहे.

बुबुळाच्या मागे भिंग असते आणि अगदी मागच्या भिंतीवर दृष्टिपटल, ज्याला आपण बोलताना "डोळ्याचा पडदा" म्हणतो. पारपटल आणि बुबुळ यांच्या मधल्या जागेत पाण्यासारखा स्वच्छ द्रव असतो. तो आत सतत तयार होतो आणि काठावरच्या एका बारीक जाळीतून सतत निचरत राहतो. ही निचऱ्याची जाळी पारपटल आणि बुबुळ जिथे मिळतात त्या कोपऱ्यात असते. पुढे या कोपऱ्याला बरेच महत्त्व येणार आहे.

फुगा दाबला की तो बाजूंनी फुगतो

रंगपंचमीचा फुगाच हातात घ्यावा. पाण्याने भरलेला फुगा दोन तळव्यांमध्ये दाबला तर पाणी दाबले जात नाही, ते बाजूंना पसरते आणि फुगा मधल्या घेरात रुंदावतो. डोळ्याचा गोळा साधारण २४ मिलिमीटर व्यासाचा असतो आणि तोही आतून द्रवाने भरलेला असतो. समोरून जोराचा आघात झाला की तो क्षणभर पुढून मागे चपटा होतो आणि घेरात ताणला जातो. हे सगळे पापणी मिटायच्या आत घडून जाते आणि गोळा पुन्हा पूर्ववत होतो, म्हणून बाहेरून काहीच घडले नाही असे वाटते. पण त्या क्षणी घेराला आतून चिकटलेली प्रत्येक वस्तू ओढली गेलेली असते. बुबुळ त्या घेराला आपल्या कडेने शिवलेले असते. शिवाय पुढचा द्रव आघाताने मागे रेटला जातो आणि तो नेमका कोपऱ्यावर आदळतो.

अशा आघाताला मराठीत जुना आणि नेमका शब्द आहे: मुका मार. कापलेले नाही, टोचलेले नाही, तरीही आत फाटलेले आहे.

मार कशाचा आहे यालाही महत्त्व असते. डोळ्याभोवती हाडांची खोबण असते आणि तिचे तोंड साधारण साडेतीन ते चार सेंटिमीटर असते. लेदरचा क्रिकेट चेंडू सुमारे सव्वासात सेंटिमीटर व्यासाचा असल्याने तो पुष्कळदा भुवईच्या आणि गालाच्या हाडावर अडतो आणि हाड मोडून का होईना, काही जोर तिथे खर्ची पडतो. बॅडमिंटनचे फूल, गोटी, विटी हे मात्र थेट खोबणीत शिरतात. टेनिसचा चेंडू मोठा असला तरी मऊ असल्यामुळे दाबला जाऊन आत घुसतो, पाण्याचा फुगाही तसाच. दक्षिण आफ्रिकेचा यष्टिरक्षक मार्क बाउचर याची कारकीर्द जुलै २०१२ मध्ये इंग्लंडमधील टॉन्टनच्या मैदानावर संपली, ती चेंडूमुळे नव्हे, तर फलंदाज त्रिफळाचीत होताना उडालेल्या बेलमुळे. ती बेल म्हणजे आकाराने जवळजवळ विटीच. त्याच्या डोळ्याचे पांढरे आवरणच फाटले होते, म्हणजे ती इजा मुक्या माराच्याही पुढची होती.

आपल्या जिल्ह्यात खेळाबाहेरची कारणेही कमी नाहीत. निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांमध्ये मांडवाची तार ताणताना ती सुटते आणि चाबकासारखी तोंडावर येते. मोटारसायकलीवर क्रेट बांधायच्या रबरी दोरीचा आकडा निसटतो. गोठ्यात गाय मान झटकते आणि शिंग लागते.

बटव्याची दोरी आणि उसवलेली शिवण

बुबुळात दोन प्रकारचे स्नायू असतात. एक बाहुलीच्या काठाने गोल फिरतो. बटव्याची दोरी ओढल्यावर तोंड आवळते, तसा तो उजेडात बाहुली आवळतो. दुसरा चाकाच्या आऱ्यांसारखा पसरलेला असतो आणि अंधारात बाहुली उघडतो. निरोगी बाहुली साधारण २ ते ८ मिलिमीटर या दरम्यान हलते. व्यास चौपट झाला की आत शिरणारा उजेड सोळापट होतो, यावरून या छोट्या पडद्याचे काम किती मोठे आहे ते कळावे.

मुक्या माराने बटव्याची ही दोरी एक-दोन ठिकाणी तुटते. मग बाहुली उजेडात आवळत नाही, अर्धवट उघडी राहते आणि जिथे दोरी तुटली तिथे तिच्या कडेला खाच दिसते. रुग्णाची तक्रार असते ती उन्हाची: दुपारी रस्त्यावर डोळा उघडवत नाही, रात्री समोरून येणाऱ्या दुचाकीचा दिवा फुटून पसरलेला दिसतो. काही वेळा दोरी तुटलेली नसते, नुसती बधिर झालेली असते, आणि काही दिवसांत किंवा आठवड्यांत बाहुली पुष्कळशी सावरते.

दुसरी इजा बुबुळाच्या बाहेरच्या कडेची. बुबुळ सगळीकडे सारख्या जाडीचे नसते. जिथे ते डोळ्याच्या भिंतीला जोडलेले असते तिथेच ते सर्वांत पातळ असते. त्यामुळे जोराचा ताण बसला की शिवण उसवावी तसे ते मुळापासून सुटते. सुटलेला भाग मधे ओघळतो आणि बाहुलीची त्या बाजूची कड सरळ होते, म्हणजे ती गोल न राहता अर्ध्या मोडलेल्या भाकरीसारखी दिसते. उसवलेल्या जागी दुसरे भोक तयार होते. एका डोळ्यात उजेड शिरायला दोन दारे झाली की एका डोळ्यानेच दोन प्रतिमा दिसू शकतात. चांगला डोळा हाताने झाकूनही दोन दिसत असतील तर दोष त्या एका डोळ्याच्या आत आहे. झाकल्यावर एकच दिसत असेल, तर दोन्ही डोळ्यांची दिशा जुळत नाही, आणि तेव्हा खोबणीचे हाड मोडले आहे का, हे पाहावे लागते. आमच्या शेजारच्या मुलाची शिवण सुमारे दोन तासांच्या अंतराएवढी, म्हणजे घड्याळाच्या तबकडीवर सातपासून नऊपर्यंत, उसवली होती. डॉक्टर या इजेचे मोजमाप असेच घड्याळाच्या आकड्यांत करतात.

आपल्याकडच्या गडद तपकिरी डोळ्यांत हे सारे चटकन नजरेत येत नाही, ही एक खरी अडचण आहे. काळी बाहुली आणि जवळजवळ तेवढेच काळे बुबुळ यांची सीमा घरच्या उजेडात दिसतच नाही. टॉर्च समोरून न धरता कानाच्या बाजूने तिरपा धरला आणि दोन्ही डोळे तुलनेने पाहिले, तर फरक कळतो. पापणी बळाने उघडून पाहू नये.

लाल रेघ कशाची होती?

बुबुळात बारीक रक्तवाहिन्या पुष्कळ असतात. ते फाटले की पारपटल आणि बुबुळ यांच्या मधल्या जागेत रक्त उतरते. या जागेत एकूण पाव मिलिलिटर, म्हणजे साधारण पाच थेंब द्रव मावतो, म्हणून एक थेंब रक्तही तिथे फार असते. रुग्ण बसलेला असला की ते तळाशी साचते आणि वरची कड वाटीतल्या काढ्यासारखी आडवी दिसते. आडवे झाल्यावर ते पसरते आणि नुसते धूसर दिसते.

इथे लोकांचा अंदाज नेमका उलटा चुकतो. डोळ्याचा पांढरा भाग लालभडक झाला की घरात धावपळ होते, पण ते वरच्या पातळ आवरणाखालचे रक्त बहुतेक वेळा दोन-तीन आठवड्यांत आपोआप जिरते. आतली बारीक लाल रेघ मात्र दुर्लक्षिली जाते, आणि धोका तिच्यात जास्त असतो. रक्तपेशी निचऱ्याच्या जाळीत अडकतात, मोरीच्या जाळीत भाताची शिते अडकावीत तशा. द्रव तयार होणे थांबत नाही, निचरा थांबतो आणि डोळ्यातला दाब वाढतो. तो साधारणपणे पाऱ्याच्या १० ते २१ मिलिमीटर इतका असतो. त्याच्या बराच वर गेला तर दृष्टीची नस दाबली जाते. डोके आणि डोळा ठणकणे, उलट्या होणे ही त्याची लक्षणे आहेत. मुलाला उलट्या झाल्या तर "पित्त झाले" म्हणून झोपवू नये.

दुसरा धोका पुन्हा रक्त येण्याचा. तुटलेल्या वाहिनीच्या तोंडावर बसलेली गुठळी दुसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या सुमारास आकसते आणि सुटते, आणि हे दुसरे रक्त पहिल्यापेक्षा जास्त असू शकते. "आता बरे वाटते" म्हणून मूल सायकल बाहेर काढते ते नेमके याच दिवसांत. म्हणून डॉक्टर डोळ्यावर कडक कवच लावतात, पळापळ बंद करतात आणि उशांची चवड करून डोके उंच ठेवून झोपायला सांगतात, म्हणजे रक्त तळाशी राहते आणि बाहुलीसमोरून हटते. दुखण्यावर ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन घेऊ नये, कारण त्यांनी रक्त वाहण्याची शक्यता वाढते, पॅरासिटामॉल चालते.

सुरगाणा, पेठ, कळवण या आदिवासी पट्ट्यातल्या कुटुंबांनी एक गोष्ट डॉक्टरांना स्वतःहून सांगायला हवी: घरात कोणाला सिकलसेल आहे का. या आजारात तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या आणि कडक होतात. साधी पेशी लवचिक असल्याने जाळीतून पिळवटून निघते, विळ्यासारखी पेशी अडकून बसते. ज्याच्यात फक्त अर्धा दोष आहे आणि ज्याला एरवी काहीच त्रास नाही, अशा वाहकाच्या डोळ्यातही हेच घडते, आणि थोड्या वाढलेल्या दाबानेही नसेला इजा होते. दाब कमी करायच्या काही नेहमीच्या गोळ्याही अशा रुग्णाला टाळाव्या लागतात. सिकलसेलचे पिवळे किंवा लाल कार्ड घरात असेल, तर ते डोळ्याच्या डॉक्टरांसमोर ठेवावे.

"पण डोळा तर फुटला नाही ना?"

हे बाहेरून खात्रीने सांगता येत नाही. जोर फार असला तर डोळ्याचे पांढरे आवरण, विशेषतः जिथे ते पातळ असते तिथे, फाटते, आणि वरची नाजूक त्वचा शाबूत असल्याने फाटलेली जागा रक्ताखाली झाकली जाते. अशा वेळी बुबुळ त्या फटीकडे ओढले जाते आणि बाहुलीचे एक टोक ओघळलेल्या थेंबासारखे निमुळते होते. ते टोक जिकडे, फट तिकडे. कधी फटीतून बुबुळाचाच तुकडा बाहेर डोकावतो आणि काळपट ठिपक्यासारखा दिसतो. घरचे लोक त्याला कचरा समजतात आणि ओल्या कापसाने काढायला जातात. तसे कधीही करू नये.

डॉक्टरांकडे पोहोचेपर्यंत डोळा चोळू नये, दाबू नये, त्यावर घट्ट पट्टी बांधू नये. चहाचा कागदी कप डोळ्यावर पालथा ठेवून, त्याची कड भुवईच्या आणि गालाच्या हाडावर टेकेल अशी बेताने चिकटपट्टी लावली, तर रस्त्यातल्या धक्क्यांपासून डोळा वाचतो. शस्त्रक्रिया लागण्याची शक्यता असल्याने वाटेत काही खायला-प्यायला देऊ नये. मीही दुपारी बर्फ दाबून धरायला सांगायला नको होते. बर्फ लावायचाच असेल तर तो रुमालात गुंडाळून भोवतालच्या हाडावर टेकवायचा असतो, डोळ्यावर नाही.

बुबुळ फाटले म्हणून दृष्टी जाते का?

क्वचितच. नुसत्या फाटलेल्या बुबुळाने उन्हाचा त्रास होतो, कडा धूसर दिसतात, पण माणूस आंधळा होत नाही. फाटलेले बुबुळ हे आतून मार किती खोल गेला याची समोर दिसणारी खूण असते, आणि दृष्टी जाते ती त्याच्या मागे काय झाले त्यामुळे. भिंगाला धक्का बसून ते आपल्या जागेवरून सरकते, किंवा त्यात फुलाच्या पाकळ्यांसारखा मोतीबिंदू धरतो, तोही कधी काही दिवसांत, कधी काही वर्षांनी. दृष्टिपटलाला सूज येऊन ते पांढुरके पडते, जे पुष्कळदा ओसरते. पण मधोमध छिद्र पडले किंवा कडेला चीर गेली, तर पडदा भिंतीवरून सुटत जातो, ओल धरलेल्या भिंतीचा पापुद्रा सुटावा तसा. डोळ्यासमोर अचानक काळे ठिपके उडू लागणे, कोपऱ्यात वीज चमकल्यासारखे होणे, एका बाजूने सावली सरकत येणे, ही त्याची चिन्हे, आणि ती मार लागल्यानंतर आठवड्यांनी, महिन्यांनीही उमटू शकतात. भुवईवर जोराचा फटका बसला तर डोळा बाहेरून धडधाकट राहून मागच्या नसेलाच इजा होते आणि दृष्टी त्याच क्षणी जाते.

या नसेची तपासणी बाहुलीवरूनच होते: दोन्ही डोळ्यांवर आळीपाळीने उजेड पाडायचा आणि बाहुल्या कशा आवळतात ते पाहायचे. पण मार लागलेल्या डोळ्याची बाहुलीच निकामी असेल तर? तेव्हा डॉक्टर चांगल्या डोळ्याकडे पाहतात. दोन्ही बाहुल्या मेंदूतून एकत्र जोडलेल्या असतात, त्यामुळे जखमी डोळ्यावर उजेड पाडला की चांगल्या डोळ्याची बाहुलीही आवळली पाहिजे. ती त्या वेळी उलट पसरू लागली, तर जखमी डोळ्याची नस बिघडली आहे. एका डोळ्याची साक्ष दुसरा डोळा देतो, हे मी त्या रात्री तपासणीच्या अंधाऱ्या खोलीत प्रत्यक्ष पाहिले, आणि मुलाच्या चांगल्या डोळ्याची बाहुली आवळल्यावर डॉक्टर पहिल्यांदा थोडे सैल बसले.

बरे झाल्यानंतर येणारा काचबिंदू

"रक्त जिरले, दिसायला लागले, आता कशाला जायचे?" हा प्रश्न प्रत्येक घरात येतो, आणि मला वाटते सर्वांत जास्त डोळे इथेच हरतात. सुरुवातीला ज्या कोपऱ्याचा उल्लेख केला, तिथला स्नायू मागे रेटलेल्या द्रवाने उभा फाटतो. याने दुखत नाही, दिसणे कमी होत नाही. फाटलेली जागा भरून येते, पण भरताना शेजारची निचऱ्याची जाळी जखमेच्या व्रणासारखी घट्ट होत जाते. निचरा कमी होतो, दाब हळूहळू चढतो, आणि काही महिन्यांनी किंवा दहा-वीस वर्षांनी त्या एकाच डोळ्यात काचबिंदू उभा राहतो. हा काचबिंदू आधी बाजूची नजर खातो, समोरचे वाचता येत असते, म्हणून तो शेवटपर्यंत कळत नाही. गेलेली नजर परत येत नाही.

कोपरा समोरून दिसत नाही, कारण तिथून निघालेला प्रकाश पारपटलातून बाहेर न पडता आतच परावर्तित होतो. म्हणून डॉक्टर सुन्न करणारे थेंब टाकून डोळ्यावर आरसे बसवलेले भिंग टेकवतात आणि आरशात कोपरा पाहतात. ताज्या मारात हे केले तर दाबामुळे पुन्हा रक्त येऊ शकते, म्हणून ही तपासणी साधारण महिना-दीड महिन्यानंतर करतात. याच तारखेला पुष्कळ रुग्ण येत नाहीत. कोपऱ्याचा निम्मा किंवा त्याहून जास्त घेर फाटलेला आढळला, तर धोका अधिक, आणि मग वर्षातून किमान एकदा दाब मोजणे आयुष्यभराचे होते.

"थेंब आहेत घरात"

मध, दूध, गुलाबपाणी, तूप यांतले काहीही आत फाटलेल्या बुबुळापर्यंत पोहोचत नाही. जंतू मात्र पोहोचू शकतात. त्याहून वाईट म्हणजे मेडिकलमधून आणलेले लाली घालवणारे स्टेरॉइडचे थेंब. मार लागल्यावर बुबुळाला सूज येते, उजेड सहन होत नाही, आणि त्यावर डॉक्टरही स्टेरॉइड देतात हे खरे. पण ते दाब मोजून, पारपटलावर ओरखडा नाही याची खात्री करून देतात. द्राक्षाच्या काडीने पारपटलावर ओरखडा गेला असेल, तर त्यातून बुरशी शिरते, आणि स्टेरॉइडने ती खत घातल्यासारखी वाढते.

बाहुली पुन्हा गोल करता येते का?

बुबुळ बदलता येत नाही. नेत्रदानातून मिळते ते पारपटल, आणि सुरुवातीचा शब्दांचा घोळ इथे महागात पडतो, कारण अनेक पालक "नवे बुबुळ बसवा" अशी मागणी घेऊन येतात. उसवलेली कड मात्र केसापेक्षा बारीक धाग्याने भिंतीला पुन्हा टाचता येते, आणि कायमची उघडी राहिलेली बाहुलीही टाके घालून लहान करता येते. ती नंतर उजेडाप्रमाणे हलत नाही, पण चकाकी कमी होते. फार मोठा भाग गेला असेल, तर कृत्रिम बुबुळही असते, पण ते खर्चिक असते. घाई मात्र नसते. डोळा शांत होईपर्यंत थांबतात, आणि भिंगाचे काही करायचे असेल तर दोन्ही एकाच वेळी करतात. थोड्याच त्रासासाठी रंगीत काचेचा चष्मा किंवा मधेच बाहुलीएवढी पारदर्शक जागा ठेवलेली रंगीत कॉन्टॅक्ट लेन्स पुरते.

आमच्या शेजारच्या मुलाला टाके लागले नाहीत. उसवलेला भाग वरच्या पापणीखाली नसला तरी लहान होता, आणि दोन प्रतिमा दिसत नव्हत्या. तो आता कॉलेजात जातो, उन्हात गडद चष्मा लावतो, आणि फोटोत त्याची उजवी बाहुली अजूनही एका बाजूने चपटी दिसते. दीड महिन्यानंतर आरशाच्या भिंगाने पाहिले तेव्हा त्याचा कोपरा निम्म्याहून जास्त फाटलेला निघाला. त्याच्या आईने फायलीच्या पुठ्ठ्यावर, आतल्या बाजूला, बॉलपेनने रंगपंचमीची ती तारीख लिहून ठेवली आहे आणि तिच्याखाली दर वर्षीचा दोन्ही डोळ्यांचा दाब; गेल्या वेळी उजव्याचा आकडा १९ होता, डाव्याचा १४, आणि डॉक्टरांनी पुढची तारीख वर्षाऐवजी सहा महिन्यांची दिली आहे.